आतड्यातील जंतू, औषधे आणि सीमारेषा



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात उभे राहून बोलण्याची संधी संयोजकांनी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आम्हांला विज्ञान शिकवीत. व्हरांड्यातल्या माठाशेजारी त्यांनी एक ओगराळे टांगून ठेवले होते. माठात पेला बुडवून पाणी घेणारा विद्यार्थी दिसला की सर रागावत नसत. ते त्याला हात पुढे करायला सांगत आणि विचारीत, "या हातावर काय आहे ते तुला दिसते का?" मुलगा म्हणे, "काही नाही, सर." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे : "दिसत नाही, एवढेच म्हण."

आजचा माझा विषय या न दिसणाऱ्या गोष्टीचाच आहे. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह येतात. सीमाभागात राहणाऱ्या आपणांस तर इतिहास म्हणजे नकाशावरची एक रेषा असेच वाटते. परंतु माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जंतूंनाही इतिहास आहे, आणि गेल्या पाऊणशे वर्षांत तो आपल्या इतिहासाशी घट्ट गुंतला आहे. त्याचा थोडा ऊहापोह करावा, एवढाच आजचा हेतू आहे.

१. मुदतीचा ताप

आपल्या आजी-पणजीच्या पिढीला विषमज्वर हा शब्द फारसा ठाऊक नव्हता. त्या म्हणत मुदतीचा ताप. या नावातच त्या रोगाचे सारे वैद्यक साठवलेले आहे. ताप चढत जाई, आठवडा-दोन आठवडे तसाच राही आणि साधारण तीन आठवड्यांनी उतरे. किंवा रोगी जाई. औषध असे नव्हतेच. पेज, ताकाची निवळ, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या आणि उशाशी जागणारे कोणीतरी, एवढेच उपचार. उपचाराविना दहा रोग्यांमागे एक-दोन दगावत. आतड्याला छिद्र पडून किंवा रक्तस्राव होऊन मृत्यू येई, आणि तोही पुष्कळदा ताप उतरणीला लागला असे वाटत असताना. म्हणून मुदत संपेपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

मुदतीचा ताप, पटकी आणि रक्ती आव ही एकाच वाटेने चालणारी भावंडे. एकाच्या आतड्यातला जंतू विष्ठेवाटे पाण्यात आणि पाण्यावाटे दुसऱ्याच्या तोंडात जातो, हा त्यांचा प्रवास. त्या काळात या मुलखातला रोगी बैलगाडीने किंवा आगगाडीने मिरजेला नेला जाई. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी तेथे १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले होते. पण तेथील शस्त्रक्रियेची ख्याती कितीही मोठी असली, तरी मुदतीच्या तापापुढे त्या काळचे निष्णात डॉक्टरही वाट पाहण्यापलीकडे फारसे काही करू शकत नसत.

बेळगावच्या टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आज त्याच्या मैदानावर सभा-संमेलने भरतात, परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीपासून तेथे देवीची लस तयार होत असे, आणि देवी निर्मूलनाच्या अखेरच्या मोहिमेत देशाला लस पुरविणाऱ्या मोजक्या केंद्रांत बेळगावची गणना होती. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही. १९८० साली जगातून हा रोग गेल्याची घोषणा झाली. या विजयात आपल्या गावाचा वाटा आहे, याचा अभिमान आपण जरूर बाळगावा.

पण त्या विजयाने एक गैरसमजही मागे ठेवला. देवी गेली तसे सारेच रोग एके दिवशी जातील असे आपल्याला वाटू लागले. देवीच्या विषाणूला माणसाखेरीज दुसरे घर नव्हते आणि तो शरीरात मुक्काम करून राहत नसे. आतड्यातल्या जंतूंची गोष्ट वेगळी आहे. एश्चेरिशिया कोलाय किंवा क्लेब्सिएला यांसारखे जंतू निरोगी माणसाच्या आतड्यातही राहतात. तेथे ते सहसा उपद्रव देत नाहीत. तेच जंतू मूत्रमार्गात, रक्तात किंवा शस्त्रक्रियेच्या जखमेत गेले म्हणजे मात्र जीवघेणे ठरतात. घरातल्या माणसाला कोणी हद्दपार करू शकत नाही. त्याच्याशी कसे राहायचे एवढेच ठरवता येते.

२. एका दशकातल्या दोन गोष्टी

१९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला. दुसऱ्या महायुद्धात त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले. मात्र मुदतीच्या तापावर त्याचा उपयोग नव्हता. व्हेनेझुएलाच्या मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून १९४७ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल मिळाले आणि पुढच्याच वर्षी क्वालालंपूर येथे विषमज्वराच्या रोग्यांवर ते वापरले गेले. तीन आठवड्यांचा ताप तीन-चार दिवसांत उतरू लागला. आपल्याकडे क्लोरोमायसेटीन या नावाने ते घरोघरी माहीत झाले. मुदत या शब्दाचा अर्थच त्या औषधाने पुसून टाकला. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि लवकरच तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. स्वतंत्र देशाच्या दृष्टीने ही गोष्ट धरणे आणि पोलादाचे कारखाने यांच्याइतकीच महत्त्वाची होती.

त्याच दशकात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव, निपाणी, खानापूर हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका कोल्हापूरकडे आला. या प्रश्नाविषयीची आपली मते सर्वांना ज्ञात आहेत. ती मांडण्याचे हे व्यासपीठ नव्हे. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच की, ही औषधे आणि ही रेषा आपल्या मुलखात एकाच दशकात आली. आपण रेषेची चर्चा खूप केली. औषधांची मात्र केली नाही.

फ्लेमिंग यांनी स्वतः इशारा दिला होता. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात त्यांनी सांगितले होते की, जंतू मरणार नाहीत इतक्या अपुऱ्या मात्रेत औषध दिले तर जंतूंना त्याची सवय होते. औषध दुकानातून कोणालाही मिळू लागेल तेव्हा हा धोका वाढेल, अशी भीतीही त्यांनी बोलून दाखविली. टाळ्यांच्या कडकडाटात हा इशारा विरून गेला.

३. जंतूंची चिठ्ठी

पन्नाशीच्या दशकात जपानमध्ये रक्ती आवेचे जंतू एकाच वेळी तीन-चार औषधांना दाद देईनासे झाले. एकेका औषधाचा प्रतिकार जंतूने हळूहळू शिकावा हे समजण्यासारखे होते, पण सारे एकदम कसे? १९५९ च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, हा प्रतिकारगुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे, आणि तोही वेगळ्या जातीच्या जंतूकडे, जाऊ शकतो. जंतूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची लहान वर्तुळे असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. वर्गात मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर चिठ्ठी सरकावी तशी या वर्तुळाची एक प्रत शेजारच्या जंतूकडे जाते. चिठ्ठीत औषध निकामी करण्याची कृती लिहिलेली असते. एका चिठ्ठीत चार-पाच औषधांच्या कृती असू शकतात. आणि ही देवाणघेवाण चालण्याची सर्वांत गजबजलेली जागा म्हणजे माणसाचे आतडे.

एवढे समजले म्हणजे पुढचा इतिहास आपोआप उलगडतो. आपण सर्दीसाठी प्रतिजैविक घेतो. सर्दी विषाणूची असल्याने औषधाचा तिच्यावर काही परिणाम होत नाही, परंतु आतड्यातले साधे जंतू मरतात आणि चिठ्ठी बाळगणारे उरतात. रिकाम्या झालेल्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते. औषध चुकीच्या रोगावर दिले तरी ते योग्य जंतूंची निवड करीतच असते, मात्र ती त्यांच्या सोयीची.

विषमज्वराच्या बाबतीत हे १९७२ साली केरळात दिसून आले. त्या वर्षी कालिकत येथे क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणाऱ्या विषमज्वराची साथ आली. त्याच वर्षी मेक्सिकोतही असाच उद्रेक झाला. १९९० च्या आसपास तर देशभर, आणि आपल्या मुंबई-पुण्याकडेही, क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलीन आणि को-ट्रायमोक्साझोल या तिन्ही औषधांना दाद न देणारा विषमज्वर पसरला. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले. ते इतके सढळ हाताने वापरले गेले की काही वर्षांतच त्याचीही धार गेली. मग सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शने आली. २०१६ पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतात त्यालाही न जुमानणारा विषमज्वर पसरला आहे.

या कथेत एक दिलासाही आहे. क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर जवळजवळ बंद पडला, तेव्हा भारतातल्या विषमज्वराच्या बहुतेक जंतूंवर ते पुन्हा लागू पडू लागले. ओझे वाहण्याचे कारण उरले नाही म्हणजे जंतू चिठ्ठी टाकून देतो. सर्वच जंतू असे वागत नाहीत. तरीही संयमाला फळ येते, याचा हा पुरावा आपल्या देशातलाच आहे.

४. रुग्णालयातून घरात, घरातून रुग्णालयात

विषमज्वर हा बाहेरून येणारा रोग. पण रुग्णालयांतला खरा पेच आतड्यात मुळातच असणाऱ्या जंतूंनी निर्माण केला. १९८० नंतर प्रभावी सेफॅलोस्पोरिन औषधे आली, आणि ती फोडणारी विकरेही लवकरच जंतूंनी मिळविली. अशा एका विकराचा प्रकार, जो पुढे जगभर पसरला, तो १९९९ मध्ये दिल्लीच्या रुग्णांतील जंतूंत प्रथम सापडला. मग राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधे बाहेर काढावी लागली.

२००८ मध्ये स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएलाचा असा जंतू आढळला की त्याच्यापुढे कार्बापेनेमही चालेना. हा रुग्ण त्याआधी दिल्लीत रुग्णालयात राहिला होता. त्या विकराला नवी दिल्लीचे नाव मिळाले, आणि त्यावरून आपल्याकडे मोठा क्षोभ उसळला. नावाविषयीचा राग समजू शकतो. पण त्याच २०१० साली, हा वाद पेटण्यापूर्वीच, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्याच देशाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रांजळपणे लिहिले होते की, काही महिन्यांत कार्बापेनेमला न जुमानणारे आतड्याचे २४ जंतू त्यांना मिळाले आणि त्यांपैकी २२ मध्ये हे विकर होते. आपल्या घरातली अडचण आपणच सांगावी, याला माझ्या मते खरी देशभक्ती म्हणतात. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीच्या रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत हा प्रतिकारगुण सापडला. म्हणजे जंतू रुग्णालयाच्या भिंती ओलांडून गेले होते. भारतात येऊन मायदेशी परतलेल्या ८ स्वीडिश प्रवाशांची तपासणी झाली, तेव्हा ७ जणांच्या आतड्यात सेफॅलोस्पोरिन-प्रतिकारक जंतू नव्याने आले होते.  आपण जे खातो-पितो तेच त्यांनी खाल्ले-प्याले होते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या जाळ्यातील मोठ्या रुग्णालयांची आकडेवारी सांगते की, २०१६ मध्ये इमिपेनेम हे औषध क्लेब्सिएलाच्या सुमारे ६५ टक्के नमुन्यांवर लागू पडत होते. २०२१ मध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांवर आले. पाच वर्षांत इतकी घसरण! २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषध-प्रतिकारामुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

५. सीमेवरचा रुग्ण

हे आकडे आपल्या अंगणात कसे दिसतात, ते एका प्रसंगावरून सांगतो. आमच्या नात्यातल्या एक वयस्क काकू निपाणीजवळच्या खेड्यात राहत. लघवीची जळजळ आणि थंडी-ताप म्हणून त्यांना जवळच्या दवाखान्यात नेले. गोळ्यांनी दोन दिवस बरे वाटले, म्हणून गोळ्या बंद झाल्या. पुन्हा ताप आला तेव्हा मुलगा त्यांना कोल्हापूरकडे घेऊन गेला. तेथे दुसरी औषधे मिळाली. तिसऱ्यांदा बेळगावला आणले, तेव्हा आधीचे कागद घरीच राहिले होते आणि कोणती औषधे झाली हे कोणालाच सांगता येईना. लघवीच्या तपासणीचा अहवाल मी स्वतः पाहिला. औषधांच्या नावांपुढे 'आर' या अक्षराची, म्हणजे लागू न पडणाऱ्या औषधांची, वरपासून खालपर्यंत रांग होती. शेवटच्या दोन ओळींत 'एस' होता. त्यांतले एक औषध मूत्रपिंडाला झेपणारे नव्हते. काकू पाचव्या दिवशी गेल्या. मुलगा मला म्हणाला, "काका, एवढी औषधं आहेत आणि एकसुद्धा चालू नये?" त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी कोणा डॉक्टराला किंवा दवाखान्याला दोष देत नाही. प्रत्येकाने समोरच्या रोग्याचे भले व्हावे म्हणूनच केले. सर्वांच्या मिळून केलेल्या गोष्टीचा परिणाम मात्र असा झाला.

निपाणी गावाला लागूनच अर्जुननगरचे महाविद्यालय आहे. गाव कर्नाटकात आणि महाविद्यालय महाराष्ट्रात. मुले रोज चालत राज्य ओलांडतात. चंदगड-गडहिंग्लजचा रुग्ण बेळगावला येतो, निपाणी-चिकोडीचा कोल्हापूर-मिरजेला जातो. रुग्ण रेषा ओलांडतो, त्याच्या आतड्यातले जंतू रेषा ओलांडतात. फक्त त्याचे कागद तेवढे अलीकडे राहतात. दोन्ही राज्यांच्या यंत्रणा आपापल्या बाजूची मोजदाद करतात, आणि जो दोन्हीकडे फिरला त्याची साखळी कोणाच्याच वहीत पुरी होत नाही.

६. बेळगावचे योगदान आणि एक अवघड प्रश्न

बेळगावला १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे. बाळंतिणीला प्रसूतीच्या वेळी ॲझिथ्रोमायसिनची एकच मात्रा तोंडाने दिली तर जंतुदोष टळतो का, हे पाहण्यासाठी सात देशांत मोठा अभ्यास झाला. त्यात भारतातून बेळगाव आणि नागपूर ही केंद्रे होती. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २९,२७८ स्त्रियांचा हा अभ्यास होता. औषध घेतलेल्या मातांत गंभीर जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण १.६ टक्के, तर न घेतलेल्यांत २.४ टक्के आढळले. बालकांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही.

हजार बाळंतिणींमागे आठ जणी या संकटातून वाचतात. ही लहान गोष्ट नव्हे. पूर्वी बाळंतरोगाने किती घरे उजाड झाली हे आपण जाणतो. पण त्यासाठी उरलेल्या नऊशे ब्याण्णव जणींनाही औषध द्यावे लागते, आणि त्यांच्या आतड्यात निवड सुरू होते. यात बरोबर कोण आणि चूक कोण? मला वाटते, प्रश्नच असा मांडू नये. विहीर गावाची असते. तहानलेल्याला पाणी नाकारता येत नाही, आणि उपसा बेसुमार झाला तर विहीर आटते. बाळंतिणीसाठी घागर भरावी. सर्दी-पडशासाठी मोट चालवू नये. विवेक म्हणतात तो एवढाच.

सरकारने काही पावले टाकली आहेत. १ मार्च २०१४ पासून महत्त्वाच्या प्रतिजैविकांची विक्री डॉक्टर व रुग्ण यांच्या नावांसह वेगळ्या वहीत नोंदविणे औषध-दुकानदारांवर बंधनकारक झाले. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०१९ मध्ये कोलिस्टिन या अखेरच्या औषधाचा कोंबड्या व जनावरांच्या खाद्यातील वापर बंद करण्यात आला. कायदा चांगला आहे. पण चिठ्ठीवाचून गोळी मागणारे गिऱ्हाईक आपण स्वतःच असतो.

७. ओगराळे

अखेरीस पुन्हा पाण्याकडे येतो. जो रोग झालाच नाही, त्याला औषध लागत नाही. हुबळी-धारवाडमध्ये काही प्रभागांत चोवीस तास नळाचे पाणी सुरू झाले. त्याच योजनेत बेळगावचेही काही भाग होते. हुबळी-धारवाडच्या २०१५ मधील अभ्यासात असे आढळले की, अखंड पाणी मिळणाऱ्या भागात विषमज्वर झालेल्या घरांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी होते. लहान मुलांच्या एकूण जुलाबांत मात्र फारसा फरक नव्हता. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये एक लाखाहून अधिक मुलांना विषमज्वराची नवी लस टोचली. जलवाहिनीत सदैव दाब असेल तर बाहेरचे सांडपाणी आत शिरत नाही, इतके साधे हे शास्त्र आहे. प्रतिजैविकांची बचत दवाखान्यापेक्षा नळावर, शौचालयात आणि हात धुण्याच्या मोरीत अधिक होते.

सरांचा तो माठ आता नाही; व्हरांड्यात नळांची ओळ आहे. पण त्या ओगराळ्यामागचा विचार जुना झालेला नाही. माझ्या हातावर काय आहे ते मला दिसत नसले, तरी माझ्या मागून जो पाणी पिणार आहे त्याचा विचार मी करायचा. माठ सर्वांचा असतो, तशीच ही औषधेही सर्वांची आहेत. आमच्या काकूंच्या वेळी माठ रिता निघाला. तो रिता करण्यात थोडा हात माझाही असेल, कारण साध्या तापासाठी मीही अनेकदा गोळ्या घेतल्या आहेत आणि अर्ध्यावर सोडल्या आहेत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होतील, कोणी औषधाचे दुकान चालवतील, कोणी नगरपालिकेत पाणीपुरवठा सांभाळतील, आणि सारेच कधी ना कधी रुग्ण होतील. त्या प्रत्येक प्रसंगी सरांचा प्रश्न आठवावा आणि त्यांचे उत्तरही आठवावे. दिसत नाही, एवढेच म्हणावे. नाही असे म्हणू नये.